पाण्याची गाठ

बॅलरॅट, ६ ऑगस्ट २०१९

कोरल,

नऊ वर्षांनी तुझं पत्र आलं, आणि त्यात विचारलंयस काय, तर ब्राझीलला सुटीला जायचंय, कोणत्या लशी घ्याव्या लागतील. पत्रपेटीपाशी उभ्या उभ्या मी ते दोनदा वाचलं. वाटलं, कागदाच्या मागच्या बाजूला आणखी काही असेल. मागची बाजू कोरी होती.

'तू आयुष्यभर हेच काम केलंस, तुला तोंडपाठ असेल,' असं लिहिलंयस. आहे तोंडपाठ. एकतीस वर्षं मी इथल्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या खोलीत बसले. तुझ्यासारखी माणसं रोज समोर यायची. तिकिटं काढलेली, टोप्या घेतलेल्या, शेजाऱ्यांना सांगून झालेलं, आणि निघायला आठवडा उरला की आठवायचं, तिकडे डासही असतात. तू सात आठवडे आधी विचारलंस, तेवढी अक्कल पर्थच्या हवेत टिकली म्हणायची.

आईचा बिस्किटांचा डबा माझ्याकडेच आहे. तुझे लहानपणचे कागद त्यात आहेत. गोवराची काळजी नको. तो तुला १९६३ साली येऊन गेलाय, माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात, आणि तुझ्यापासून मला झाला. धनुर्वाताची शेवटची नोंद १९७६ची, आपल्या बेकरीत पत्र्यानं हात कापून घेतला होतास तेव्हाची. नंतर घेतली असशील तर मला माहीत नाही. तू मला कधी काय सांगितलंस? ती पुन्हा घे, तिच्यातच डांग्या खोकला आणि घटसर्पही येतात. 'अ' काविळीची घे. टायफॉइडची घे. डेस म्हणतो की पंचतारांकित हॉटेलात टायफॉइड होत नाही. तुझ्या नवऱ्याला सांग, स्वयंपाक्याच्या हातांना तारे लावलेले नसतात. घरं विकणाऱ्या माणसाला वाटतं, दर्शनी भाग रंगवला की आत ओल नसते.

माकडांना केळी भरवत फोटो काढायचे असतील तर रेबीजचीही घ्या. मलेरियावर गोळ्या असतात, त्या तुमचा मार्ग बघून डॉक्टर ठरवतील. डेंगीवर तुम्हाला लस नाही, अंगभर कपडे घालायचे आणि मलम चोपडायचं. तू पाठवलेल्या माहितीपत्रकावर एक बाई उघड्या दंडांनी दलदलीत उभी राहून हसतेय. तिला फोटो काढून झाल्यावर लगेच गाडीत बसवलं असणार.

राहिला पीतज्वर. तुम्ही जाताय त्या भागासाठी ती लस लागते. परवाना असलेल्या दवाखान्यातच मिळते, बरोबर प्रमाणपत्र देतात. तुझं पंधरा तारखेला ठरलंय म्हणतेस, तर घेऊन टाक.

फॉर्मवर जुन्या ऑपरेशनांसाठी जागा आहे, तिथे काय लिहू, असं विचारलंयस. चौदाव्या वर्षी तुझ्या छातीत पाण्याची गाठ झाली होती, ती काढली. आईनं तुला सांगितलं तेच. तेवढंच लिही.

पत्रात दवाखान्याचं नाव दिलंस, तुझा फोन नंबर दिला नाहीस. मीही मागत नाही.

नोलीन


बॅलरॅट, ११ ऑगस्ट, रविवार

कोरल,

पीतज्वराची लस घेऊ नकोस. बाकीचं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, एवढं वाच. ती लस घेऊ नकोस.

तुझ्या छातीत पाण्याची गाठ नव्हती. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी शरीर रोगाशी लढायला तिथे शिकतं. तुझ्या त्या ग्रंथीत ट्यूमर होता. ग्रंथीसकट तो काढला. पीतज्वराच्या लशीत जिवंत विषाणू असतात, अशक्त केलेले, पण जिवंत. ज्यांची थायमस बिघडली किंवा काढली, त्यांच्या अंगात ते मोकाट सुटू शकतात. यकृत, मूत्रपिंडं, सगळं निकामी होतं. म्हणून अशा माणसांना ती देतच नाहीत. तू फॉर्मवर 'पाण्याची गाठ' लिहिलंस तर त्यांना कळणार कसं?

आज सकाळी डबा पुन्हा उघडला, शस्त्रक्रियेचा कागद हाताला लागला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वय झालं, विसरले.

तुला सांगणं भाग आहे, म्हणून सांगते. १९७१च्या शरद ऋतूत तुझ्या पापण्या मिटायला लागल्या. शाळेतून आलीस की मान टेबलावर टाकायचीस. जेवताना घास तोंडात राहायचा. बाबा म्हणायचे, पोरगी आळशी आहे. आपल्या क्रेसविकचा डॉक्टर म्हणाला, वयात येतेय. मी तेव्हा मेलबर्नला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, परीक्षेला पाच महिने होते. सुटीत आले, तुला जिना चढताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तुला माझ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. हे तुला आठवत असेल. गाडीत तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होतीस.

ऑपरेशननंतर सर्जननं आई-बाबांना आणि मला एका खोलीत बसवलं. म्हणाला, निघालाय सगळा, पण परत येऊ शकतो. तिशी गाठेल की नाही सांगता येत नाही. बाबा खिडकीकडे बघत राहिले. आईनं पर्स बंद केली आणि खोलीतून बाहेर पडल्यावर मला भिंतीपाशी उभं केलं.

"तिला कळता कामा नये," ती म्हणाली. "मरणाची तारीख सांगून मूल वाढवता येत नाही."

मला मात्र ती तारीख सांगितलेली चालली. एकवीस वर्षांची पोर म्हणजे जणू कपाटच, काहीही आत टाका आणि किल्ली फिरवा. तुला गोळ्या वेळेवर द्यायला, उचलायला, न्हाऊ घालायला कुणीतरी हवं होतं. आई बेकरीचं काउंटर सोडणार नव्हती. सोडलं असतं तर गावानं विचारलं असतं, का सोडलं? म्हणून मी मेलबर्न सोडलं. चौदा महिने. तोवर हॉस्पिटलनं माझी जागा दुसरीला दिली. उरलेलं नर्सिंग मी कितीतरी वर्षांनी इथे बॅलरॅटला पुरं केलं. गावात काय सांगायचं, तर नोलीनला शहर झेपलं नाही. हे आईनंच ठरवलं, आणि इतक्या सहज ठरवलं की मला वाटतं पुढे तिलाही ते खरंच वाटत असावं.

तुलाही तेच सांगितलं गेलं. ठीक आहे. पण आईच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये, माझ्या हातात सँडविचचा ट्रे असताना, तू सगळ्या नातेवाइकांना हसवत सांगितलंस, "आमची नोली मेलबर्नला गेली ती रडतच परत आली. घरची आठवण यायची बिचारीला." मावसबहीण थेल्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. त्याच्या आठवडाभर आधी आईनं मरताना माझ्याकडून पुन्हा वचन घेतलं होतं. मी ट्रे खाली ठेवला आणि घरी आले. मी का बोलत नाही, असं तू नंतर दोनदा पत्रातून विचारलंस. घे, उत्तर मिळालं.

तुझा नंबर नाही. डेसचा पर्थच्या अर्ध्या कुंपणांवर, घरविक्रीच्या पाट्यांवर असेल, त्याच्या दात काढून हसणाऱ्या फोटोखाली. पण जे तुला अठ्ठेचाळीस वर्षं सांगितलं नाही, ते तुझ्या आधी त्याला सांगायची माझी तयारी नाही.

सोमवार सकाळ

हे पत्र आत्ता जलद टपालानं टाकतेय. दवाखाना उघडल्या उघडल्या तिथे फोन केला. शोना नावाची कुणी पोरगी नर्स होती. आवाजावरून शाळेतून पळून आलेली वाटली. तिनं मला आधी नियम ऐकवला, की रुग्णांबद्दल ती काही सांगू शकत नाही, इथे या नावाचं कुणी येतं की नाही हेसुद्धा नाही. मी म्हटलं, बाई, हा नियम तू जन्मायच्या आधीपासून मी लोकांना ऐकवतेय.

"मी सांगू शकत नाही," ती म्हणाली, "पण ऐकू शकते. तुम्ही बोला, मी लिहून घेते."

तिनं लिहून घेतलं. स्पेलिंग विचारलं, साल विचारलं, हॉस्पिटल विचारलं. सगळे प्रश्न बरोबर होते. माझा थोडा हिरमोडच झाला.

तिला छातीवरचा व्रण दाखव. शस्त्रक्रियेचा कागद सोबत जोडतेय, तोही दाखव. प्रमाणपत्राऐवजी डॉक्टर लशीतून सूट दिल्याचं पत्र देऊ शकतात, पण पत्रानं डास थांबत नाहीत. त्या भागात जाऊच नकोस.

नोलीन


बॅलरॅट, १९ ऑगस्ट

कोरल,

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. तू ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसांशी कसं बोलायचं ते मला येतं, लसीकरणाच्या खोलीत येणाऱ्या निम्म्या आया ओरडतच यायच्या.

तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. 'वय झालं' असं पुन्हा म्हटलं. तू म्हणालीस, "नोली, त्या नर्सनं मला पहिला प्रश्न वयाचा विचारला. साठीच्या पुढे ही लस देताना दहादा विचार करतात म्हणाली, आणि ती दिलीच नाही. तिला नोकरीत दोन वर्षं झालीत. तू एकतीस वर्षं हेच केलंस. तुझ्या पहिल्या पत्रात हेही नव्हतं."

आणि मग म्हणालीस, "पहिलं पत्र सहा तारखेचं. दुसरं अकराचं. मधे पाच दिवस काय करत होतीस?"

मी विसरले नव्हते.

तुझं पत्र उघडलं, ब्राझील वाचलं, त्या क्षणी मला तुझा व्रण आठवला. ऑपरेशनचा कागद मला रविवारी सापडला नाही. तो डब्यात सगळ्यात वर होता. पहिलं पत्र लिहिताना तो माझ्या कोपराजवळ होता, त्याच्यावर मी चहाचा कप ठेवला होता. पीतज्वरापाशी आले तेव्हा हात थांबला. मी उठले, कुंड्यांना पाणी घातलं, ज्याची काही गरज नव्हती, परत बसले आणि लिहिलं, घेऊन टाक. फॉर्मचं तू विचारलंस तेव्हा आईचा खोटेपणा जसाच्या तसा उतरवून दिला. पाकीट चिकटवलं आणि चालत जाऊन टपालात टाकलं.

तुझा जीव जावा असं मला वाटत होतं का? तसं मी मनात कधी म्हटलं नाही. मी म्हटलं, मी वचन दिलंय. म्हटलं, हजारातल्या कुणालाच काही होत नाही. म्हटलं, हॉलमध्ये हसायला तिला नोली चालली, आता नोलीनं का म्हणून? आईचं वचन मी इतकी वर्षं ओझ्यासारखं वाहिलं, आणि त्या मंगळवारी पहिल्यांदाच ते मला सोयीचं वाटलं. पाच दिवस मी जेवले, कपडे वाळत घातले, ग्रंथालयात गेले. गुरुवारी तर एका जोडप्याला केनियाला जाण्याआधी काय घ्यायचं ते समजावून सांगितलं. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी तिथे एका टेबलाशी बसते, लोक येऊन विचारतात. त्या माणसाला मी स्वतःहून विचारलं, थायमसचा काही त्रास झालाय का कधी? माझ्या तोंडून ते सवयीनं आलं. तो नाही म्हणाला. त्याच्या बायकोनं माझे आभार मानले.

तरीही मी त्या दिवशी घरी येऊन पेन उचललं नाही. रविवारी उचललं. का, तर हिशेब केला की जलद टपाल सोमवारी निघालं तर बुधवारी पोचेल, आणि मंगळवारी निघालं तर कदाचित नाही पोचणार. म्हणजे शेवटची वेळ कोणती हे मला पक्कं माहीत होतं. तिथपर्यंत मी थांबले.

आयुष्यभर मी लोकांना तुच्छ लेखत आले. लस टोचताना डोळे मिटणाऱ्या बाप्यांना, 'आम्ही नैसर्गिक जगतो' म्हणणाऱ्या आयांना, आईला, डेसला, तुला सर्वांत जास्त. त्यांतल्या कुणीही बहिणीला असं पत्र टाकलं नव्हतं.

तू पुढे म्हणालीस की या सगळ्यात तुला सर्वांत जास्त राग ट्यूमरचा नाही, माझाही नाही, आईचा आहे. तिशी ओलांडल्यावर तरी सांगायचं होतं. पण तू मूल होऊ दिलं नाहीस कारण तुला सारखं वाटायचं, अंगात काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते काय आहे हे कुणालाच सापडत नाही, हे तू मला पहिल्यांदाच सांगितलंस. मला ते माहीत नव्हतं. मी समजत होते, तुला आरशासमोरून उठायला फुरसत नाही. हे मी लोकांना बोलूनही दाखवलंय.

ग्रंथालयात आज सांगून आले की गुरुवारी येणार नाही. तिथल्या मुलीनं विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी हो म्हटलं.

तुला वाटलं तर उत्तर दे, नाही वाटलं तर देऊ नकोस.

नोलीन


बॅलरॅट, ३ सप्टेंबर

कोरल,

तुझं कार्ड मिळालं. स्कॅन स्वच्छ आला, हे वाचलं. तू तीनच ओळी लिहिल्यास आणि तिन्ही डॉक्टरच्या भाषेत, पण मला पुरल्या.

डेसनं ब्राझीलचं सगळं रद्द करून अर्जेंटिनाचा दक्षिण भाग घेतला, जिथे पीतज्वर नाही, आणि तुला त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही, असं लिहिलंयस. हे मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं. त्याच्याबद्दल मी जे जे लिहिलं ते मागे घेत नाही, फक्त त्यात हे जोडते. थंडी असेल तिकडे. आणि टायफॉइडची घेतलीच असेल तर वाया गेली असं समजू नका.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल थेल्माचा फोन आला. ती शहात्तर वर्षांची आहे, कानाला ऐकू येत नाही, त्यामुळे किंचाळते. म्हणाली, "नोली, कोरलनं मला सगळं सांगितलं. तू परीक्षा सोडून आलीस. तिला न्हाऊ घालायला आलीस. आणि मी हसले गं." ती रडायला लागली. मग कळलं की तू एकट्या तिला नाही, त्या हॉलमध्ये होते त्यांतले जे जे जिवंत आहेत त्या सगळ्यांना फोन केलास. नात्यातला डेरिल, चर्चचे पॅस्टर होडा, आपली बेकरी विकत घेतलेल्या माणसाची बायकोसुद्धा. प्रत्येकाला सांगितलंस, "मी त्या दिवशी खोटं बोलले होते, मला माहीत नव्हतं, पण होतं खोटंच."

तू मला माफ केलेलं नाहीस. कार्डावर साधं 'नोली' पण नाही, नुसता पत्ता. आणि तरी तू हे केलंस.

अठ्ठेचाळीस वर्षं मला वाटायचं की एक दिवस लोकांना कळेल आणि मी मान वर करून त्या गावातून चालत जाईन. तो दिवस काल आला. थेल्मा म्हणत होती, तू देवमाणूस आहेस. मी फोन कानापासून लांब धरला. ते शब्द मला घेता येईनात.

म्हणून मी तिला उरलेलं सांगितलं. तुझं पत्र, माझं पत्र, कोपराजवळचा कागद, पाच दिवस. मोठ्यानं सांगावं लागलं, नाहीतर तिला ऐकू आलं नसतं. शेजारच्या अंगणात माणूस गवत कापत होता, त्यानं यंत्र बंद केलं.

मग थेल्मा न किंचाळता म्हणाली, "हे कोरलनं नाही सांगितलं."

"तिला माहीत आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे ते कळलं. तिनं सांगितलं नाही, असं म्हणतेय मी."

आणि तिनं फोन ठेवला. उरलेल्यांना मी या आठवड्यात फोन करणार आहे. डेरिल शिव्या देईल, पॅस्टर प्रार्थना करतील, दोन्ही मला सारखंच नकोसं आहे. पण तू अर्धंच सांगितलंस, ते माझ्यावर उपकार म्हणून असेल, तर ते मला पेलायचे नाहीत. आणि उपकार म्हणून नसेल, फक्त तुझ्या तोंडून निघालं नसेल, तर तेही मला समजतं.

हे झालं की आपल्या दोघींबद्दल क्रेसविकमध्ये जे काही बोललं जाईल ते खरं असेल. आपल्या घरात हे पहिल्यांदाच होतंय.

सव्वीस तारखेला निघताय. पोचलात की कळव.

नोलीन